हातांनी बोलणारा फोन



आमच्या शेजारी एक कर्णबधिर बाई राहते. नवरा ऊसतोडीला गेलेला. एका रात्री लेकरू तापानं फणफणलं. घरात मोबाईल होता. १०८ नंबरही तिला ठाऊक होता. पण बोलणार कसं? लेकरू खांद्यावर टाकून ती आमच्या दारी आली. आम्ही फोन लावला, गाडी आली. आम्ही त्या रात्री घरी नसतो तर?

लोक तिला मुकी म्हणतात. तसं म्हणू नये. ती शाळेत हातांच्या खुणांची भाषा शिकली आहे.

यावर तोड आहे. मोबाईलच्या पडद्यावर दुभाषी दिसतो. बाई खुणांनी बोलते. दुभाषी ते दवाखान्याला तोंडी सांगतो. तिकडचं उत्तर तिला खुणांनी देतो. दिल्लीच्या सरकारी सांकेतिक भाषा केंद्राने २०२३ साली अशी सेवा सुरू केली. पण दुभाषी थोडे, देश केवढा! अमेरिकेत या सेवेसाठी कर्णबधिरांकडून पैसे घेत नाहीत.

आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्कांचा कायदा आहे. मग सरकारने दुभाषी तयार करावेत, त्यांना पगार द्यावा. सेवा रात्रीही चालावी. ताप काय वेळ पाहून येतो?

धाराशिवच्या जिल्हाधिकाऱ्यांना आम्ही तसा अर्ज लिहिला आहे. खाली सह्यांना जागा आहे. अंगठा नको बरं का. आता तुम्हाला नाव लिहिता येतं.