अंगठा आणि अक्षर



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आम्ही मागच्या सतरंजीवर बसून ऐकावे, असा आमचा आजवरचा शिरस्ता. चालकांनी यंदा तो मोडला. आम्ही शिक्षक नाही. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, वडिलांचा पगार थांबला आणि सहावीतच आमची शाळा सुटली. पुढे एका सुताराकडे लाकडाला काचकागद घासण्याचे काम मिळाले. त्या काचकागदाचाच विषय घेऊन आज आम्ही आपल्यापुढे उभे आहोत. लहान मुलाला अक्षर शिकवावे ते आधी बोटाने, मग पेन्सिलीने, एवढेच आमचे सांगणे.

युनियनच्या कामात आम्ही पहिली हार खाल्ली ती अंगठ्यापायी. विडी वळणाऱ्या बायांची थकलेली मजुरी मागायला गेलो, तर मालकाने कागदांची चळत पुढे टाकली. 'हिशेब पूर्ण मिळाला, तक्रार नाही' असा मजकूर आणि प्रत्येकाखाली निळा अंगठा. बायांना विचारले, तर म्हणाल्या, "दादा, आम्हांला वाटलं सणाच्या उचलीची पावती आहे." कायदा आमच्या बाजूला होता, पण कागद मालकाच्या बाजूला होता.

आम्ही रात्रीचा वर्ग काढला. तो महिनाभरात मोडला. दिवसभर सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला रात्री पाटी धरवत नाही. त्यांतली एक म्हणाली, "आमचं राहू द्या दादा, पोरांचं बघा. शाळेत म्हणतात, अक्षर त्याच्या डोक्यात शिरत नाही." आम्ही त्या पोराकडे पाहिले. पाच वर्षांचे पोर आईचे बघून पानाच्या कपट्याला असा दोरा गुंडाळत होते की आम्हाला तसे जमले नसते. ज्याच्या बोटांत इतकी अक्कल, त्याच्या डोक्याला दोष का द्यावा?

याच प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता वाचनालयात डॉ. मारिया माँटेसोरी आम्हाला भेटल्या. रोममधील सान लोरेन्झो ही मजुरांची वस्ती. आईबाप कामावर गेले की पोरे जिन्यांवर हुंदडत, भिंती खराब करीत. तेव्हा इमारती सांभाळणाऱ्या कंपनीने पोरांसाठी एक खोली दिली आणि ६ जानेवारी १९०७ रोजी तेथे बालगृह उघडले. म्हणजे आस्था भिंतींची होती, लाभ मात्र पोरांचा झाला! सेगँ या फ्रेंच वैद्याचा मार्ग अभ्यासून बाईंनी आधी मंदबुद्धी म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांना लाकडी अक्षरांवर बोट फिरवायला शिकवले होते. येथे तशी लाकडी अक्षरे करून देणारा कोणी मिळेना. म्हणून त्यांनी काचकागदाची अक्षरे कापून गुळगुळीत पुठ्ठ्यावर चिकटवली. त्याच वर्षी डिसेंबरात, गच्चीवर खडूने धुराडे काढणाऱ्या एका पाच वर्षांच्या मुलाने आपण होऊन शब्द लिहिले आणि 'मला लिहिता येते' म्हणून तो ओरडू लागला. तोवर त्याला कोणी लिहायला बसवलेच नव्हते. हात मात्र तयार झालेला होता.

कोणी म्हणेल, यात नवे काय? आमच्या पंतोजींची धुळपाटी होतीच. होती, आणि 'गिरवणे' हा सुरेख शब्दही तिनेच सांभाळला. पहिल्या शतकात रोमच्या क्विंटिलियननेही फळीत अक्षरे कोरून त्या खाचांतून लेखणी फिरवण्यास सांगितले आहे. परंतु धुळीत रेघ चुकली तर ते पंतोजीला दिसे आणि छडी पोराच्या हातावर बसे. काचकागदाचे तसे नाही. बोट वाटेवर असेल तोवर खरखर लागते, वाट सुटली की गुळगुळीत लागते. चूक पोराची पोरालाच कळते, मध्ये मुकादम लागत नाही. आमच्यासारख्या युनियनवाल्याला हे साधन का आवडले, ते आता आपल्या ध्यानात येईल!

रीत अगदी सोपी आहे. काचकागद बारीक घ्यावा. जाड घेतला तर कोवळे बोट सोलते. अक्षर वीतभर असावे. मुलाचे हात धुऊन पुसावे. एका हाताने पुठ्ठा धरायला लावून दुसऱ्या हाताची पहिली दोन बोटे, ज्या दिशेने आपण लिहितो त्याच दिशेने, हलकेच फिरवू द्यावी आणि तोंडाने आवाज म्हणवून घ्यावा. 'ग' असेल तर आधी डावीकडचा भाग, मग काना, शेवटी डोक्यावरची रेघ. एका वेळी दोनतीनच अक्षरे घ्यावी. आधी 'हा ग' म्हणून सांगावे, मग 'ग दाखव' म्हणावे, आणि सर्वांत शेवटी 'हा कोणता?' असे विचारावे. पुढे डोळे मिटून ओळखण्याचा खेळ करावा. 'र' बोटाला ठाऊक झाला की 'स' आणि 'ख' त्याचे शेजारीच निघतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात, पाचएक वर्षांच्या मुलांना अक्षरे नुसती दाखवण्यापेक्षा चाचपूही दिली, तेव्हा त्यांचे वाचन अधिक सुधारल्याचे दिसले. तरी ही जादू नव्हे. कानावर गोष्टी-गाणी पडली नाहीत, तर नुसते बोट काय वाचणार?

आमच्या बायांच्या पोरांसाठी आम्ही सुताराकडचे उरलेले तुकडे मागून आणले. पोरे दुपारी बोटे फिरवीत आणि आया कामावरून मान वर करून बघत. एक दिवस ती 'आमचं राहू द्या' म्हणणारी बाई पोराचा पुठ्ठा घेऊन बसलेली दिसली. तंबाखूने पिवळे पडलेले बोट ती 'म' वरून फिरवीत होती. पुढच्या हिशेबाच्या वेळी तिने कागद हातात घेतला, अक्षरे लावीत बसली, आणि मालकाचा कारकून चुळबूळ करू लागला तरी उठली नाही. त्या दिवशी कागद बदलून आला.

मंडळी, कष्टाने बोटांवरच्या रेषा झिजतात. आज रेशनच्या यंत्रावर अशा झिजलेल्या बोटांची ओळख पुष्कळदा पटत नाही. अंगठ्याने आम्हाला आधी फसवले आणि आता तो आमची साक्षही देईना. अक्षर मात्र झिजत नाही.

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीस काम सुरू केले, तेव्हा महागड्या साधनांवाचून, भोवतालच्या वस्तूंनी बालशिक्षण गरिबांच्या अंगणात नेले. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारी अंगणवाड्याही आल्या. पण तेथल्या बाईला आपण सेविका म्हणतो, पगाराऐवजी मानधन देतो आणि तिच्यापुढे नोंदवह्यांचा ढीग ठेवतो. तिला उपदानाचा हक्क आहे, हेदेखील सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले! तिला वेळ आणि मान मिळाल्याशिवाय पोराच्या बोटाशी बसायला ती फुरसत कोठून आणणार?

म्हणून एकच मागणे. येथून घरी गेल्यावर एक पुठ्ठा, एक काचकागद आणि कात्री घ्या. मुळाक्षरांचा एक संच करा आणि जवळच्या अंगणवाडीत नेऊन द्या. देताना तेथल्या बाईंना पगाराचे विचारा. दोन्ही कामे एकच आहेत.

आमचे बोलणे ओबडधोबड झाले असेल. परंतु आजचा विषयच खरखरीत अक्षरांचा होता, एवढे मनात आणून आपण ते गोड मानून घ्यावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.