सूर्याचा किरीट कशाने तापतो?



शेगडीपासून हात दूर नेला की धग कमी होते. सूर्यापाशी मात्र उलटा प्रकार आहे. त्याच्या दृश्य पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश, आणि खग्रास ग्रहणात त्याच्याभोवती जी मोतिया प्रभा दिसते त्या किरीटाचे दहा लाखांहून अधिक! १८६९ च्या ग्रहणात किरीटाच्या वर्णपटात एक अनोळखी हिरवी रेषा दिसली. विद्वानांनी नवे मूलद्रव्य कल्पून त्याचे ‘कोरोनियम’ असे बारसेही उरकले. पुढे १९४० च्या सुमारास ते निघाले आपले लोखंडच. २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन गमावलेले. लोखंडाची अशी दैना व्हावयास लाखो अंशांचीच आच लागते.

थंड वस्तू आपण होऊन तापलेल्या वस्तूला उष्णता देत नाही. पण गार तळवे एकमेकांवर घासले तर तापतात ना? तेव्हा खालून वर उष्णता नव्हे, हालचाल जात असली पाहिजे. ती नेणारी लाट स्वीडनच्या हान्नेस आल्फव्हेन यांनी १९४२ साली गणिताने दाखविली. सूर्यावरील विद्युत्भारित वायू चुंबकीय बलरेषांना जखडलेला असतो. रेषा म्हणजे जणू तंबोऱ्याची ताणलेली तार. वायू हे तिचे वजन. पृष्ठभागाखाली वायू आधणासारखा उकळतो, तारेचे बूड हलवितो, आणि लाट वर धावते.

शक्तीचा तुटवडा नाही. पृष्ठभाग दर चौरस मीटरमागे सहा कोटी वॅट उधळतो; शांत भागातील किरीटाला काही शे वॅट पुरतात. अडचण निराळीच आहे. ही लाट वायूला फारसे दाबत नाही, म्हणून वाटेत खर्ची न पडता निघून जाऊ पाहते. हुंडी पोहोचली, पण वटत नाही! यावर एक तोड अशी, की शेजारच्या तारांवर वायू कमीअधिक दाट असल्याने लाटांचा वेग सारखा राहत नाही. ताल चुकतो, लगतचे थर एकमेकांवर घासतात आणि तापतात. मात्र हे घर्षण इतक्या बारीक पदरांत होते, की दुर्बिणीला ते वेगळे दिसत नाही.

किरीटातील लाटा २००७ साली दिसल्या. शांत भागापुरती त्यांची शक्ती पुरेशी आहे, असे २०११ च्या निरीक्षणांवरून वाटले. सौरडागांच्या वर, जेथे गरज कितीतरी अधिक, तेथे ती अपुरी पडली. तेथे मला युजीन पार्कर यांचे म्हणणे अधिक पटते : गुंतलेल्या बलरेषा तुटून पुन्हा जुळताना असंख्य चिमुकले स्फोट होतात.

भारताचे आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले. त्यावरील एक उपकरण त्याच जुन्या हिरव्या रेषेवर नजर ठेवते. पुण्याच्या आयुकाने उभारलेली दुर्बीण, तार जेथून छेडली जाते, त्या खालच्या थरांकडे पाहते.