द्रव्य देवाचे, दायित्व आपले
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



पेण-रोह्यात विश्वासाने सोपविलेल्या पैशाविषयी बोलताना प्रस्तावना नको. २०१० साली पेण अर्बन बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांवर काय गुदरले ते आपण जाणतो. तरी ठेवीदाराच्या हाती पावती होती. तो मोर्चा काढू शकला. भंडारात गुप्तदान टाकणाऱ्या आजींच्या हाती काहीच नसते. त्यांचे द्रव्य अन्यत्र गेले, तर त्यांना ते कळणारसुद्धा नाही.

रोह्यात १९२० साली जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांनी योगेश्वर कृषीच्या उत्पन्नास ‘अपौरुषेय लक्ष्मी’ म्हटले. तिच्यावर कोणाचीच मालकी नाही. आपल्याकडील देवद्रव्याची कल्पना याच जातीची, किंबहुना अधिक कठोर आहे. देवद्रव्य मंदिर-मूर्तीसाठी, ज्ञानद्रव्य ज्ञानासाठी. मात्र उपाश्रयाचे वीजबिल ज्यातून भरायचे ते साधारण खाते नेहमी रिकामे! मग हळूच उसनवारी होते. हेतू शुद्ध असतो, परंतु संघाला सांगितलेले नसते, आणि अप्रामाणिकपणाचा उगम तेथेच आहे.

बोलीचेही तसेच. पूर्वी ती तुपाच्या मणांत बोलली जाई, आज लाखांचे आकडे ऐकू येतात. बोली उच्चारताक्षणी ती रक्कम देवाची होते आणि आपण ऋणको. माझ्याच कुटुंबाची एक बोली दीड वर्ष थकली होती. सन्मानाचा हार मात्र त्याच दिवशी गळ्यात पडला होता. विश्वस्तांनी संकोचाने कधी विचारले नाही. फलकावर नाव लागते, तर आठ दिवसांत भरणा झाला असता.

१९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमास एका जैन मंदिराचे वहिवाटदार रतिलाल पानाचंद गांधी यांनी आव्हान दिले. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने धार्मिक निधी मूळ हेतूपासून अन्यत्र वळविण्याची कायद्यातील मुभा अमान्य केली. नोंदणी व हिशेबतपासणी मात्र कायम राहिली. आपण अभिमानाने पूर्वार्धच सांगतो.

आता थोडे अवघड. महाव्रती साधू द्रव्याला स्पर्श करीत नाहीत. तथापि ‘महाराजसाहेबांची प्रेरणा’ एवढ्या शब्दांवर मोठाले निधी उभे राहतात. प्रेरणा देणाऱ्यांनी हिशेब विचारला नाही आणि विश्वस्तांनी ‘गुरूंची आज्ञा’ म्हणून तो दिला नाही, तर विचारणार कोण? श्रावकाने विचारले, की त्याची श्रद्धा उणी ठरते. माझे नम्र मत असे, की ज्यांच्या नावाने निधी जमतो, त्या गुरुभगवंतांनीच व्याख्यानाच्या पाटावरून ‘ताळेबंद वाचा’ असे सांगावे.

येत्या पर्युषणात खातेवार जमाखर्च, थकलेल्या बोलींसह, उपाश्रयाच्या दारी लावावा, अशी विश्वस्त मंडळास विनंती करतो. आरंभ आमच्या घराच्या त्या जुन्या नोंदीपासून केला, तरी हरकत नाही.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोललो असल्यास मिच्छामि दुक्कडम्.