हरणाऱ्या संघाचा नफा



१३ जून २०२३ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या ओकलंड या बंदराच्या शहरात एक विलक्षण बहिष्कार घडला. बहिष्कार म्हणजे न जाणे, न घेणे, हा अर्थ चळवळीतल्या माणसाला सांगावयास नको. ओकलंडच्या बेसबॉल-रसिकांनी तो अर्थ उलटा केला. ‘ॲथलेटिक्स’ या त्यांच्या संघाचा सामना पाहावयास त्या मोसमात सरासरीने जेमतेम दहा हजार माणसे येत. त्या संध्याकाळी २७,७५९ आली. अनेकांच्या अंगावर हिरवे सदरे होते आणि त्यांवर एकच शब्द छापलेला होता : ‘विका’. प्रेक्षकच येत नाहीत, तेव्हा संघ लास व्हेगासला हलविणे भाग आहे, असा युक्तिवाद मालकपक्षाकडून होत होता. लोकांनी त्याला जागा भरून उत्तर दिले आणि मालकाने संघ दुसऱ्या कोणास विकावा, अशी मागणी केली. त्या दिवशी हा दुबळा संघ टॅम्पा बेच्या बलाढ्य संघाविरुद्ध २-१ असा जिंकलाही. विकला मात्र गेला नाही.

मोसमाअखेर त्याचा हिशेब असा होता : १६२ सामने, ५० विजय, ११२ पराभव. मोसमाच्या प्रारंभी खेळाडूंच्या वेतनावर त्याचा खर्च सुमारे ५ कोटी ७० लाख डॉलर होता. तीस अव्वल संघांत सर्वांत कमी. न्यूयॉर्कच्या मेट्स संघाचा वेतनखर्च याच्या सहापटीच्या घरात होता. या दुबळेपणाला दैव म्हणता येणार नाही. ते कसे घडविले गेले, हे पाहण्यासाठी मैदानावरून उठून कचेरीत जावे लागते.

बेसबॉलचा मोसम मार्चअखेरीस सुरू होतो आणि सप्टेंबरअखेर त्याचे साखळी सामने संपतात. खेळ थांबला की व्यवहार सुरू होतो. कोणाला ठेवावयाचे, कोणाला सोडावयाचे, कोणाला दुसऱ्या संघास देऊन बदल्यात कोवळी पोरे घ्यावयाची, हे हिवाळ्यात ठरते. त्यामागे वेतनाची एक शिडी आहे. पहिली तीनेक वर्षे खेळाडू बहुधा किमान वेतनाच्या आसपास खेळतो; २०२२ साली ही किमान रक्कम वर्षाला ७ लाख डॉलर होती. पुढील तीन वर्षे मतभेद झाल्यास वेतन लवाद ठरवितो, आणि ते झपाट्याने वाढते. सहा वर्षांची सेवा भरली म्हणजे खेळाडू मुक्त होतो व आपले श्रम हव्या त्या संघास विकू शकतो. याचा अर्थ, मालकाच्या दृष्टीने खेळाडू पहिल्या तीन वर्षांत सर्वांत स्वस्त असतो, आणि त्याची कर्तबगारी सिद्ध होते त्याच वेळी तो ‘महाग’ होऊ लागतो. ओकलंडचा मालक नेमक्या त्या पायरीवर त्याला निरोप देई.

मार्च २०२२ मध्ये हे उघड दिसले. १२ मार्चला गोलंदाज ख्रिस बॅसिट मेट्सकडे गेला. १४ मार्चला मॅट ओल्सन अटलांटाला, १६ मार्चला मॅट चॅपमन टोरंटोला, आणि ३ एप्रिलला शॉन मनाया सॅन दिएगोला. ओल्सनच्या मुक्तीला अजून दोन मोसम होते. अटलांटाने दुसऱ्याच दिवशी त्याच्याशी आठ वर्षांचा १६ कोटी ८० लाख डॉलरांचा करार केला, आणि २०२३ मध्ये त्याने ५४ होमरन मारले. त्या वर्षी दुसऱ्या कोणीही इतके मारले नाहीत. ओकलंडच्या रसिकांनी हा पराक्रम दूरचित्रवाणीवर पाहिला. त्यांच्या वाट्याला २०२२ मध्ये १०२ पराभव आले, आणि त्याच मोसमासाठी हंगामी तिकिटांचे दर मात्र वाढविण्यात आले होते. साऱ्या मोसमात आठ लाखांहून कमी प्रेक्षक आले. हाच आकडा मग पुरावा म्हणून पुढे करण्यात आला : पाहा, या शहराला संघ नको आहे!

गिरणगावाचा इतिहास ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही रीत अपरिचित वाटणार नाही. यंत्रे जुनी होऊ द्यावयाची, गिरणी ‘आजारी’ म्हणून जाहीर करावयाची, आणि मग जमिनीचा विषय काढावयाचा. ओकलंडमध्येही बंदरालगतच्या जागेवर क्रीडांगणाबरोबर घरे, कचेऱ्या व हॉटेले उभारण्याची सुमारे १२०० कोटी डॉलरांची योजना मालकाने मांडली होती. ती फिसकटली, तेव्हा वाळवंटाकडे मोर्चा वळला.

गिऱ्हाईक नाराज करणारा दुकानदार बाजारात टिकू नये, असे पाठ्यपुस्तक सांगते. पण हा बाजारच नव्हे. तीस मालकांची ही संघटित मक्तेदारी आहे. देशव्यापी प्रक्षेपणाचे उत्पन्न तीसही संघांत सारखे वाटले जाते. पहिला आणि शेवटचा यांत भेद नाही. शिवाय प्रत्येक संघ आपल्या निव्वळ स्थानिक उत्पन्नाचा ४८ टक्के भाग सामाईक निधीत टाकतो व निधीचे सम-वाटप होते. कमी कमावणाऱ्यास त्यातून भरीव रक्कम मिळते. वरून पाहता याला समाजवाद म्हणण्याचा मोह होईल. तेथील विनोदी लेखक तसे म्हणतातही. पण हा मालकांचा आपसांतील समाजवाद आहे. श्रमिकाशी स्पर्धेचा नियम, आणि आपसांत सहकाराचा!

याहून मोठा लाभ हिशेबवहीत दिसतच नाही. ‘गॅप’ या कपड्यांच्या व्यवसायाच्या संस्थापकांचे चिरंजीव असलेल्या जॉन फिशर यांनी २००५ मध्ये ल्यू वुल्फ यांच्या साथीने हा संघ १८ कोटी डॉलरांस घेतला. २०२३ मध्ये फोर्ब्स नियतकालिकाने त्याचे मूल्य सुमारे ११८ कोटी डॉलर धरले. चक्रवाढीने हे दरसाल सुमारे ११ टक्के होतात, आणि तेही ज्या काळात संघाने एकदाही विश्वविजेतेपद मिळविले नाही त्या काळात. माल निकृष्ट, दुकानाची किंमत मात्र चढती, असा हा धंदा आहे.

या संघाविषयी एक गोड कथा जगभर गाजली आहे. २००१ नंतर जेसन जियांबीसारखे मोठे खेळाडू गमावूनही ओकलंडने २००२ मध्ये सुमारे ४ कोटी डॉलरांच्या वेतनखर्चात १०३ सामने जिंकले. त्याच्या तिपटीहून अधिक खर्च करणाऱ्या न्यूयॉर्क यांकीजनेही तितकेच जिंकले. मायकेल लुईस यांच्या ‘मनीबॉल’ या पुस्तकाने व पुढे चित्रपटाने ही गणिती हुशारी अजरामर केली. ती हुशारी खरीच होती. पण या कथेने काटकसरीला असे काही तेजोवलय दिले की, हात आखडणे हेच चातुर्य वाटू लागले. उपेक्षित खेळाडूचे खरे मोल ओळखणे ही एक गोष्ट. मोल ओळखले जाताच त्याला निरोप देणे, ही निराळी.

हे सारे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. जुन्या ‘राखीव’ कलमानुसार, एकदा करार केलेला खेळाडू कराराची मुदत संपली तरी त्याच संघाच्या मालकीचा राही. मालक त्याला विकू शके. तो मालकाला सोडू शकत नसे. १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉल हा आंतरराज्य व्यापारच नव्हे असे ठरवून मक्तेदारीविरोधी कायद्यातून त्याला सूट दिली. १९६९ मध्ये सेंट लुईसचा कृष्णवर्णीय खेळाडू कर्ट फ्लड याने स्वतःची फिलाडेल्फियाला झालेली रवानगी नाकारली आणि तो न्यायालयात गेला. १९७२ मध्ये तो हरला, आणि त्याची कारकीर्दही संपली. परंतु खेळाडू-संघटनेचे सूत्रधार मार्विन मिलर हे पोलाद-कामगारांच्या युनियनमधून आलेले अर्थशास्त्रज्ञ होते. न्यायालयाने जे दिले नाही, ते त्यांनी सामूहिक करारातील लवादाच्या तरतुदीतून मिळविले.

पहिला चिरा ओकलंडमध्येच पडला, हा योगायोग मोठा मार्मिक आहे. तत्कालीन मालक चार्ली फिन्ली यांनी कॅटफिश हंटर या गोलंदाजाच्या वेतनापैकी ५० हजार डॉलर ठरल्याप्रमाणे वर्षासन-विम्यात भरले नाहीत. मालकानेच करार मोडला, म्हणून लवाद पीटर साइट्झ यांनी डिसेंबर १९७४ मध्ये हंटरला मुक्त केले. एका वर्षाने, २३ डिसेंबर १९७५ रोजी, त्यांनीच अँडी मेसरस्मिथ व डेव्ह मॅकनॅली यांच्या प्रकरणी राखीव कलमाचा कणा मोडला. १९७५ मध्ये सुमारे ४५ हजार डॉलर असलेले सरासरी वेतन १९८० पर्यंत १ लाख ४४ हजारांच्या घरात गेले. फिन्ली यांनी मुक्त होऊ घातलेले तीन खेळाडू जून १९७६ मध्ये ३५ लाख डॉलरांस विकावयास काढले; बेसबॉलच्या हिताचे नाही म्हणून आयुक्त बोवी कून यांनी तो सौदा रद्द केला.

याच फिन्ली यांनी मालकांना एक सल्ला दिला होता : सर्वच खेळाडूंना दरवर्षी मुक्त करा. मिलर यांना धास्ती होती ती नेमकी या सल्ल्याची. शेकडो खेळाडू एकाच वेळी बाजारात आले, तर श्रमाचा पुरवठा मागणीहून कितीतरी अधिक होईल आणि भाव कोसळतील, हे त्या विमा-व्यावसायिकाला कळले होते. इतर मालकांना खेळाडूंवरील ताबा सोडवेना, म्हणून त्यांनी ते ऐकले नाही. १९७६ च्या करारात सहा वर्षांची अट आली ती अशी, आणि संघटनेने ती जाणीवपूर्वक मान्य केली. अमर्याद स्वातंत्र्य आणि श्रमिकाचे हित यांतील अंतर दाखविणारे याहून चांगले उदाहरण अर्थशास्त्राच्या वर्गातही सापडणे कठीण.

कोणी म्हणेल, हे कोट्यधीश खेळाडू; त्यांच्यासाठी कामगार चळवळीने का हळहळावे? त्याचे उत्तर शिडीच्या तळाशी आहे. अव्वल संघांच्या खाली कनिष्ठ संघ असतात आणि त्यांत हजारो तरुण खेळतात. २०२० मध्ये साथीमुळे खेळ बंद पडला, तेव्हा या मुलांना आठवड्याला ४०० डॉलरांचा भत्ता दिला जात होता. मेअखेर तोही थांबविण्याची घोषणा ओकलंडने केली. चहूकडून छीःथू झाल्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यात फिशर यांनी ती मागे घेतली. २०२२ मध्ये कनिष्ठ खेळाडू प्रथमच संघटनेत आले आणि २०२३ च्या पहिल्या सामूहिक कराराने कनिष्ठ ‘अ’ श्रेणीतील किमान वार्षिक वेतन ११ हजारांवरून २६ हजार डॉलरांवर गेले. आयपीएलच्या लिलावात हातोडा पडताना टाळ्या वाजविणाऱ्या आपल्या देशात खेळाडूंच्या वतीने असा करार करणारी संघटनाच नाही, हेही येथे नोंदवावयास हवे.

संघाच्या स्थलांतराची कथा थोडक्यात सांगता येईल. मध्यंतरी सॅन होजे शहर या संघाला घ्यावयास उत्सुक होते. परंतु तो मुलूख सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या ‘हद्दीत’ येतो, म्हणून मार्ग अडला. शहराने दावा केला, तो १९२२ च्या त्याच सवलतीवर आपटला. नेवाडाने मात्र १५ जून २०२३ रोजी, म्हणजे त्या उलट्या बहिष्कारानंतर दोनच दिवसांनी, ३८ कोटी डॉलरांपर्यंतच्या सार्वजनिक साहाय्याचा कायदा केला. नोव्हेंबरमध्ये तीसही मालकांनी एकमताने स्थलांतर मंजूर केले. नेवाडातील शिक्षकांच्या युनियनने या पैशावर सार्वमत घेण्यासाठी अर्ज सिद्ध केला. मे २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो बाद ठरविला. कायद्याची पूर्ण संहिता अर्जास जोडलेली नव्हती, हे कारण. शाळा की क्रीडांगण, हा प्रश्न मतदारांपुढे आलाच नाही. २६ सप्टेंबर २०२४ रोजी ओकलंडमधील अखेरचा सामना झाला. त्याला ४६,८८९ माणसे होती.

त्यानंतरच्या हिवाळ्यात चमत्कार घडला. डिसेंबर २०२४ मध्ये संघाने लुईस सेवेरिनो या गोलंदाजाशी तीन वर्षांचा ६ कोटी ७० लाख डॉलरांचा करार केला. संघाच्या इतिहासातील तोवरचा हा सर्वांत मोठा करार. आधीचा उच्चांक एरिक चावेझच्या ६ कोटी ६० लाखांचा, २००४ मधला. पाठोपाठ ब्रेंट रूकरला पाच वर्षांचे ६ कोटी, लॉरेन्स बटलरला सात वर्षांचे ६ कोटी ५५ लाख. गाव सुटल्यावर एकाएकी हे औदार्य कोठून आले? मधल्या काळात बंद केलेला सामाईक निधीतील वाटा ओकलंडला २०२२ च्या सामूहिक करारानंतर पुन्हा मिळू लागला होता. त्याच करारात असे कलम आहे की, मिळालेल्या वाट्याच्या दीडपट रक्कम जो संघ खेळाडूंच्या वेतनावर खर्च करीत नाही, त्याच्याविरुद्ध खेळाडू-संघटना तक्रार दाखल करू शकते. आणि पैसा खेळावरच खर्च झाला, हे सिद्ध करण्याचा भार मग मालकावर पडतो. २७,७५९ प्रेक्षकांनी ओरडून मालकाची थैली उघडली नव्हती. ती या कलमाच्या धाकाने उघडली, असेच तेथील जाणकारांनी मानले.

हा करार १ डिसेंबर २०२६ पर्यंतचा आहे. एकूण वेतनखर्चावर कमाल मर्यादा घालावी, ही मालकांच्या वर्तुळातील जुनीच मागणी आहे. १९९४ च्या ऑगस्टमध्ये याच मागणीविरुद्ध खेळाडूंनी संप केला. तो २३२ दिवस चालला, त्या वर्षीची विश्वविजेतेपदाची मालिका रद्द झाली, आणि मर्यादा आली नाही.