भिंतीवरचा धोटा

काही वर्षांपूर्वी एका कविसंमेलनाच्या आयोजकांनी आम्हा कवींची सोय चक्क पंचतारांकित हॉटेलात केली होती. कवींच्या वाट्याला असे दिवस क्वचितच येतात. स्वागतकक्षाच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक लाकडी धोटा लावलेला होता आणि खाली पितळी पाटी : 'स्थानिक वारसा'.

माझे आजोबा मालेगावात हातमागावर नऊवारी लुगडी विणत. त्यांच्या हाताच्या हिसक्यासरशी असाच धोटा दिवसभर इकडून तिकडे धावे आणि आजी शेजारी बसून कांड्या भरी. भिंतीवरचा धोटा पॉलिशने चकचकीत होता, पण त्यात कांडी नव्हती. खोलीत गेल्यावर मी चादर, पडदे, उशांचे अभ्रे बोटांनी चाचपून पाहिले. सगळे कृत्रिम धाग्याचे, यंत्रावरचे. यंत्रमागाला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही, त्याच्याच खडखडाटात माझ्या बी.ए.ची फी भरली गेली. पण धोटा ज्या कापडासाठी असतो, ते कापड त्या इमारतीत कुठेच नव्हते.

हे मनात असतानाच इंदूरला जाणे झाले आणि तिथून महेश्वरला. नर्मदाकाठी अहिल्याबाई होळकरांनी आपली राजधानी केलेले हे गाव. किल्ल्यातला त्यांचा वाडा, गादी, पालखी आजही कुणालाही पाहता येते. किल्ल्याच्या दुसऱ्या भागात होळकर घराण्यातील रिचर्ड होळकर यांनी २००० च्या सुमारास हॉटेल सुरू केले. त्यांचे वडील यशवंतराव होळकर यांनी १९३० च्या दशकात जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस यांच्याकडून इंदूरला माणिकबाग हा अगदी युरोपीय नव्या वळणाचा राजवाडा सजवून घेतला होता. बापाने जग घरात आणले, मुलगा आजीच्या आजीच्या वाड्यात परतला, याची मला गंमत वाटली.

या हॉटेलात उदयपूरच्या लेक पॅलेससारखा झगमगाट नाही. मराठी माणसाला ओळखीचा वाटेल असा वाडा आहे : चौक, पडवी, जाड भिंती, खाली नदी. सुखसोयी आहेत, पोहण्याचा तलावसुद्धा आहे. पण त्या वाड्याच्या डोक्यावर बसत नाहीत. जाड भिंत आणि सावलीची पडवी हीदेखील एके काळची सुखसोयच होती, हे तिथे चटकन ध्यानात येते.

मला अधिक मोलाचे वाटले ते कापड. महेश्वरी साडीच्या काठावर लाटा, विटा, चटई अशी नक्षी असते. ती किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांवरून उचलली, असे विणकर सांगतात. ही कला मंदावली, तेव्हा रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस 'रेहवा' ही संस्था काढून माग पुन्हा चालते केले. म्हणजे आधी माग, हॉटेल त्यानंतर वीसेक वर्षांनी. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. पडदा उन्हाने विटतो, चादर धुऊन झिजते, मग पुन्हा मागणी जाते. चौकटीतला धोटा कधीच झिजत नाही, त्यामुळे त्याच्यापायी कुणाच्या घरी चूल पेटत नाही.

अर्थात तिथले भाडे तुमच्या-माझ्या खिशाला झेपणारे नाही. गावातल्या एका घरी वयस्क विणकर मागावर बसले होते. मी सलाम केला, आजोबांचे सांगितले, तशी त्यांनी चहा मागवला.

"चाचा, किल्ल्यातल्या हॉटेलात कधी गेलात का?" मी विचारले.

"गेलो ना, कापड पोचवायला," ते म्हणाले. मग थोडे थांबून, "मुलगा इंदूरला मोबाइलच्या दुकानात आहे. त्याला हे नको."

उठताना त्यांनी मला मागावर बसवले. मी दोरी ओढली. धोटा मध्येच अडकला आणि ताण्याचे दोन धागे तुटले. चाचा हसले, चष्मा वर सरकवला आणि तुटलेले धागे जोडायला खाली वाकले.