तटबंदीच्या आतले शहर : चांद्याचा वारसा आणि समाजाची जबाबदारी

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)

 

भद्रावतीच्या श्री केसरिया पार्श्वनाथ प्रभूंच्या दर्शनासाठी वर्षभर दूरदूरचे यात्रेकरू येत असतात. धर्मशाळेत उतरतात, सेवा-पूजा करतात, भोजनशाळेत जेवतात आणि मिळेल त्या गाडीने परत फिरतात. तेथून चंद्रपूर फार दूर नाही. तरीही पाच शतकांची तटबंदी अंगावर वागविणारे हे शहर त्यांच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले नसते. ताडोब्याला वाघ पाहण्यास येणाऱ्या प्रवाशांची कथा याहून निराळी नाही. त्यांच्या लेखी चंद्रपूर म्हणजे कोळशाच्या खाणी, वीजकेंद्राची धुराडी आणि वैशाखातला असह्य उन्हाळा. परक्यांचे सोडा, शहरात जन्मलेल्या, जटपुरा दरवाजातून रोज शाळेला जाणाऱ्या मुलांना त्या दरवाजावर काय कोरले आहे हे विचारले तर किती जणांना सांगता येईल?

दरवाजावर कोरला आहे तो गोंड राजांचा राजचिन्हरूपी सिंह, हत्तीला नमविणारा. शिरपूर, मग वर्धेकाठचे बल्लारपूर आणि त्यानंतर चांदा, असा या राजवंशाच्या राजधान्यांचा क्रम सांगितला जातो. खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावरील व्याधी झरपट नदीच्या पाण्याने बरी झाली, तेथेच अंचलेश्वराचे स्थान प्रकट झाले, पुढे एका सशाने शिकारी कुत्र्याचा उलट पाठलाग केला आणि राणीच्या सल्ल्याने राजाने त्या पाठलागाच्या वाटेवर कोट बांधण्यास घेतला, ही आख्यायिका चांद्यात घरोघरी ठाऊक आहे. आख्यायिकेला आख्यायिका म्हणूनच सांगावे. तिच्यामुळे इतिहासाचे काही बिघडत नाही. मात्र तिलाच इतिहास म्हटले की खरा इतिहास विचारण्याची मुलांची सवय मोडते. कोटाचे काम एका राजाच्या हयातीत झाले नाही, ते पिढ्यान्‌पिढ्या चालले, एवढे मात्र निश्चित.

या कोटाला चार दरवाजे आहेत : उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अंचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा आणि पश्चिमेस बिनबा. याखेरीज पाच खिडक्या. येथे खिडकी म्हणजे हवेसाठी ठेवलेला झरोका नव्हे, माणसाला ये-जा करता येईल असे उपद्वार. चोर, विठोबा, हनुमान, मसण आणि बगड ही त्यांची नावे. नावे नुसती वाचली तरी जुन्या नगराची रहाटी ध्यानी येते. मसण खिडकी म्हटल्यावर गावातून शेवटच्या प्रवासाला निघालेली वाट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. शहराच्या एका अंगाने इरई, दुसऱ्या अंगाने झरपट. जागा निवडणाऱ्यांना पाण्याचे आणि संरक्षणाचे गणित उत्तम कळत होते. कोटाच्या आतील रामाळा तलाव त्याच जाणतेपणाची साक्ष देतो.

अंचलेश्वराजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतील वीरशहाची समाधी त्याच्या राणीने, हिराईने, बांधविली. वीरशहाचा विवाहप्रसंगीच घात झाला आणि त्यानंतर अठराव्या शतकाच्या प्रारंभीच्या त्या अवघड काळात हिराईने राज्य सांभाळले. अंचलेश्वर आणि महाकाली या मंदिरांच्या उभारणीशीही तिचेच नाव जोडले जाते. पतीने पत्नीसाठी बांधलेल्या आग्र्याच्या वास्तूचे कौतुक करणाऱ्या कुटुंबांनी, पत्नीने पतीसाठी बांधविलेली ही वास्तू मुलींना एकदा अवश्य दाखवावी.

पुढे चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८१८ च्या मे महिन्यात इंग्रज तोफांनी तटाला खिंडार पाडले. किल्लेदार गंगासिंह लढता लढता पडला. परंतु तटाची खरी हानी तोफांनी केली असे म्हणणे धाडसाचे ठरेल. ती नंतरच्या शंभर-दीडशे वर्षांत झाली. बुरुजांवर झाडे रुजली, मुळांनी दगड उकलले, तटाच्या सावलीत उकिरडे वाढले, आणि कोटाचे दगड कोठे कोठे गेले याचा हिशेब ठेवण्याचे कोणाच्याही मनात आले नाही.

हे चित्र पालटले ते अलीकडे. १ मार्च २०१७ रोजी ‘इको-प्रो’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी श्री. बंडू धोतरे यांच्या नेतृत्वाखाली किल्ल्याची स्वच्छता हाती घेतली. पहाटे घमेली, फावडी, कुऱ्हाडी घेऊन मंडळी तटावर चढत, झुडपे तोडत, माती उपसत. एक-दोन दिवसांचा उत्साह असेल, असे अनेकांना वाटले होते. परंतु दिवसांमागून दिवस हे काम चालूच राहिले. दोनशे दिवसांहून अधिक काळ चाललेल्या या श्रमदानाचा उल्लेख त्याच वर्षी पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्ये झाला. त्याहून महत्त्वाचे असे की तटावरचा मार्ग मोकळा झाला, आणि नागरिकांना बुरुजांवरून चालवत नेऊन शहर दाखविणारी वारसा सहल तेथे सुरू होऊ शकली. उकिरडा म्हणून ज्या जागेकडे पाठ फिरविली जात होती, तेथे लोक मुलाबाळांसह येऊ लागले.

सहलीचे मोल येथेच आहे. पुस्तकातला किल्ला आणि पायांखालचा किल्ला यांत अंतर आहे. तटाची जाडी पावलांनी मोजलेले मूल तटाला लागून कचरा टाकताना एकदा तरी थबकते.

येथे एक कटू गोष्ट टाळून चालणार नाही. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामास मनाई आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगीची अट, ही तरतूद २०१० च्या सुधारित कायद्याने आली. चंद्रपूरचा तट शहराच्या मध्यातून फिरतो, त्यामुळे त्याची झळ शेकडो घरांना आणि दुकानांना लागली. त्यांत व्यापारी समाजाची घरेही आहेत. जुने घर पडायला आले तरी नव्याने बांधता येत नाही, मुलांची लग्ने ठरली तरी एक खोली वाढविता येत नाही. अशा माणसासमोर वारशाचा महिमा गाणे सोपे नाही, आणि त्याच्या तक्रारीला अडाणीपणा म्हणणे तर अन्यायाचे होईल. परंतु तट पाहण्यास कोणी येतच नसेल, तर तो त्याच्यासाठी केवळ अडथळा उरतो. तो पाहण्यास माणसे येऊ लागली, त्यांच्या येण्याने चार लोकांच्या चहाला, खानावळीला, रिक्षाला काम मिळाले, तर त्याच तटाकडे पाहण्याची दृष्टी थोडी तरी बदलते. कायदा आपल्या ठिकाणी राहील. ओझे मात्र काहीसे हलके होईल.

अहमदाबादचे उदाहरण या समाजाला परके नाही, कारण कित्येक कुटुंबांची मुळे गुजरातेत आहेत. तेथील महानगरपालिकेने १९९७ च्या नोव्हेंबरात जुन्या शहराची वारसा सहल सुरू केली. सकाळी काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघायचे, पोळींतून, लाकडी हवेल्यांवरून, जैन देरासरांवरून वळणे घेत जुम्मा मशिदीपर्यंत पोहोचायचे. ज्या पोळी सोडून लोक नव्या वसाहतींत निघाले होते, त्यांकडे जग पाहू लागले. जुलै २०१७ मध्ये अहमदाबाद हे युनेस्कोच्या यादीत जागतिक वारसा नगर म्हणून नोंदले गेलेले भारतातील पहिले शहर ठरले. पावलांनी चालण्याची एवढी शक्ती असते.

आता तीर्थाकडे वळावे. भद्रावतीचे जुने नाव भांदक. येथील भूमी एकट्या कोणाची नाही. विजासन टेकडीतील लेणी बौद्धांची. डोंगरात लांबवर शिरलेल्या बोगद्यासारख्या वाटेच्या टोकाशी बुद्धाची बैठी मूर्ती आहे. डोलारा तलावावर दगडी खांबांचा प्राचीन पूल आहे. भद्रनागाचे मंदिर आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा इ.स. ७७२ चा ताम्रपट येथे सापडला, तो सूर्यमंदिराला दिलेल्या दानाचा आहे. आणि याच भूमीत पार्श्वप्रभूंची प्राचीन श्यामवर्णी मूर्ती विराजमान आहे. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ तीर्थाच्या व्यवस्थापकांना १९१० च्या सुमारास स्वप्नदृष्टांत झाला आणि त्यावरून भांदकच्या रानात या मूर्तीचा शोध लागला, अशी परंपरा आहे. ‘स्वप्नदेव’ हे नाव त्यावरूनच रूढ झाले. यात्रेकरूने तीर्थाचे माहात्म्य ऐकावेच. परंतु शेजारची लेणी बौद्धांची आहेत हेही त्याला तितक्याच आदराने सांगितले गेले पाहिजे. अनेकान्ताची शिकवण मिळालेल्या समाजाला हे जड जाऊ नये. ज्याचे जे आहे ते त्याचे म्हणावे; वाट्याला आलेला वारसा पुरेसा मोठा आहे.

याच ओघात जीर्णोद्धाराचा विषय येतो. तो थोडा नाजूक आहे, पण सुवर्णमहोत्सवात बोलायचा नाही तर केव्हा? जीर्णोद्धाराचे पुण्य शास्त्राने मोठे मानले आहे आणि समाजाने त्यासाठी सढळ हाताने धन दिले आहे. मात्र गेल्या काही दशकांत जीर्णोद्धार म्हणजे जुने सर्व उतरवून संगमरवरात नवे उभारणे, असा अर्थ रूढ होत गेला. लाकडी सभामंडप गेले, कोरीव तुळया गेल्या, भिंतींवरची चित्रे गेली, दानाचे शिलालेख तैलरंगाखाली झाकले गेले. ज्या पूर्वजांनी पै-पै जमवून ते घडविले, त्यांच्या हातची खूणच उरली नाही. जीर्णाचा उद्धार करायचा तर आधी जीर्ण शिल्लक राहिले पाहिजे, एवढा साधा अर्थ त्या शब्दात आहे. काम हाती घेण्यापूर्वी संपूर्ण वास्तूची छायाचित्रे आणि मापे घ्यावीत, लेखांचे ठसे घ्यावेत, जुन्या बांधकामाची जाण असलेल्या वास्तुविशारदाचा सल्ला घ्यावा आणि जे बदलणे अपरिहार्य तेवढेच बदलावे. न्यासाच्या जुन्या चोपड्या, पावतीपुस्तके, निमंत्रणपत्रिका, प्रतिष्ठा-महोत्सवांची छायाचित्रे हाही वारसाच आहे. वाळवी त्यांचे वाचन करण्याआधी माणसांनी ते केलेले बरे.

गडचिरोलीचे नाव घेतले की वर्तमानपत्रातील बातम्याच आठवतात. १९८२ साली जुन्या चांदा जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा झाला. पण चामोर्शीजवळ वैनगंगेच्या काठी मार्कंड्याचा मंदिरसमूह आहे. तेथील शिल्पांची तुलना लोक खजुराहोशी करतात; ती करण्याचीही खरे तर गरज नाही. वीज पडून तेथील मुख्य मंदिराच्या शिखराची हानी झाली होती, आणि अलीकडच्या दुरुस्तीचे कामही दीर्घकाळ लांबत गेले. महाशिवरात्रीच्या यात्रेत लोटणारी गर्दी एरवीच्या दिवशी नसते, तेव्हा शिल्पे निवांत पाहता येतात. आरमोरी तालुक्यातील वैरागडाच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद अकबराच्या काळातील ‘ऐन-ए-अकबरी’मध्ये आहे. सराफी परंपरा असलेल्या घरांतील मुलांना निदान तेवढे तरी ठाऊक असावे.

मग न्यासाने करावे काय? पाठशाळेच्या वर्गात सूत्रे, स्तवने शिकविली जातात. त्याच मुलांची वर्षातून दोन वेळा सहल न्यावी. पहिली चंद्रपूरची : जटपुरा दरवाजा, तटावरची फेरी, अंचलेश्वर, समाध्या, महाकाली आणि शेवटी लालपेठ. लालपेठेत अखंड दगडांत घडविलेल्या प्रचंड मूर्ती उघड्यावर पडल्या आहेत. रायप्पा नावाच्या धनिकाने मंदिर बांधण्याचा संकल्प केला आणि तो पूर्ण होण्याआधीच तो निवर्तला, असे सांगतात. त्यांतील दशमुखी दुर्गेची शिळा पंचवीस फुटांच्या आसपास आहे. मुलांच्या हाती सुतळी द्यावी आणि ती मोजून वहीत लिहायला सांगावे. दुसरी सहल भद्रावतीची, पूजेनंतर विजासन आणि डोलारा पुलासह.

सांगणारा माणूस मात्र जाणकार हवा. समाजातील दोन-चार तरुण-तरुणींनी स्थानिक इतिहास अभ्यासकांबरोबर आणि सहली नेणाऱ्या कार्यकर्त्यांबरोबर आठ-दहा वेळा फिरावे, टिपणे काढावीत आणि मग बाहेरगावच्या यात्रेकरूंना नेण्याची जबाबदारी घ्यावी. धर्मशाळेच्या कार्यालयात एक नकाशा आणि मराठी, हिंदी, गुजराती भाषांतील चार पानांची पुस्तिका ठेवावी. खर्च फार नाही. एका स्वामीवात्सल्याच्या खर्चात पाच वर्षांच्या पुस्तिका छापून होतील. मुलांना रात्रिभोजन नसते, म्हणून चंद्रपूरची सहल सकाळी लवकर काढून सूर्यास्तापूर्वी जेवण होईल असे वेळापत्रक आखावे. काळ कार्तिकापासून माघापर्यंतचा निवडावा. फाल्गुनानंतर चांद्याचे ऊन मुलांना सोसत नाही, आणि चातुर्मासात जीवदयेच्या दृष्टीने प्रवास टाळलेला बरा. शिवाय पावसात तटाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, पाय घसरतो.