समुद्रातला ड्रॅगन आणि आमची वही

आम्ही केळझरच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. कापूस, तूर, सोयाबीन, गटाचा हप्ता, हे आमचे नेहमीचे विषय. आज मात्र समुद्राबद्दल सांगणार आहोत. आमच्यातल्या बहुतेकींनी समुद्र डोळ्यांनी पाहिलेला नाही. मग हा विषय आमच्यापर्यंत आला कसा, ते आधी ऐका.

मागच्या हिवाळ्यात आमच्यातल्या एका काकूंनी बाजारातून एक वस्तू आणली. बोटाएवढी, वाळलेली, शेपूट गुंडाळलेली. विकणारा म्हणाला, याची पूड मधातून चाटवा, नातवाचा दमा जाईल. काकूंनी पाचशे रुपये मोजले. गटाच्या बैठकीत त्यांनी पुडी उघडली. तोंड घोड्याचं, शेपूट माकडाचं. कुणालाच ओळखू येईना. एकीची मुलगी वर्ध्याला कॉलेजात जाते. ती म्हणाली, "मावशी, हा समुद्रघोडा आहे. मासाच आहे तो. त्याला विकणं गुन्हा आहे, विकत घेणंही."

तिचं खरं होतं. २००१ पासून समुद्रघोड्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. वाघ ज्या यादीत होता, त्याच यादीत तेव्हा हा बोटभर मासा घातला गेला. काकू घाबरल्या. आम्ही चौघी त्यांच्यासोबत गेलो, ती पुडी वनरक्षकाकडे दिली आणि कुठून घेतली तेही सांगितलं. नातवाला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून ओढायचं औषध दिलं. आता पोर रात्री झोपतं. मैत्रिणींनो, दम्याला अशी पूड चाटवत बसू नका. त्यात पैसा जातो आणि उपचाराचे दिवसही जातात.

पुढच्या बैठकीत त्याच मुलीनं मोबाइलवर समुद्रघोड्याचा एक भाऊबंद दाखवला. त्याला समुद्री ड्रॅगन म्हणतात. ड्रॅगन म्हणजे गोष्टीतला आग ओकणारा प्राणी, पण हा गरीब जीव. लांबी फूट-दीड फूट. तोंडात दात नाहीत, पोटात जठर नाही. नळीसारख्या तोंडानं बारीक कोळंबीसारखे जीव ओढून घेतो. एका जातीच्या अंगाला पानांसारखे झुपके असतात, त्यामुळे पाणवनस्पतींत तो दिसतच नाही. हा फक्त ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या समुद्रात राहतो. आणि अंडी कोण सांभाळतं? बाप! मादी त्याच्या शेपटीखाली अंडी चिकटवते, दोन-अडीचशे अंडी, आणि पिल्लं निघेपर्यंत तो ती घेऊन फिरतो. हे ऐकून बैठकीत जो हशा पिकला! एक जण म्हणाली, "आमच्या घरी तर पाण्याचा हंडाही कुणी उचलत नाही."

हा जीव शोधायला लोक पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्यात उतरतात. घाई केली तर काही दिसत नाही. एका जागी थांबून बघावं लागतं. मग एखादं पान वेगळं हलतं, त्याला डोळा दिसतो. दिसला तरी त्याला हात लावायचा नाही, पाठलाग करायचा नाही, वर ढकलायचं नाही. खोली एकदम बदलली तर त्याला इजा होते. दुरून फोटो काढायचा, जमलं तर दोन्ही बाजूंनी. सोबत तारीख आणि जागा लिहायची.

दोन्ही बाजूंनी कशासाठी? इथे आम्हाला आमचं बोरचं जंगल आठवलं. बोर व्याघ्र प्रकल्प आमच्याच सेलू तालुक्यात आहे, २०१४ मध्ये तो जाहीर झाला. जंगलात वाघ मोजताना वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, आणि डाव्या अंगाचे उजव्यासारखे नसतात. समुद्री ड्रॅगनचंही तसंच. त्याच्या अंगावरचे ठिपके आणि तोंडावरच्या खुणा ज्याच्या त्याच्या वेगळ्या. 'सीड्रॅगनसर्च' नावाच्या उपक्रमात हौशी पाणबुडे असे फोटो शास्त्रज्ञांना देतात. त्यावरून कळतं, की हा तोच आहे, जो मागं याच जागी दिसला होता. त्याला न पकडता, अंगावर खूण न करता हे कळतं.

याचा उपयोग काय, असं आम्हीही विचारलं. २०२५ च्या मार्चपासून दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर विषारी सूक्ष्म शेवाळ पसरलं. मासे मेले, समुद्री ड्रॅगनही मरून किनाऱ्यावर आले. अशा वेळी किती गेले आणि किती राहिले, हे सांगायला आधीची नोंद लागते. पूर्वी इथे काय होतं तेच लिहिलेलं नसेल, तर गेलं ते कुणाला कळणार?

समुद्री ड्रॅगन आपल्याकडे नाही, पण समुद्रघोडा आपल्या कोकण किनाऱ्यावर आहे. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि शेजारच्या तारकर्लीला पाण्याखाली उतरायला शिकवणारी संस्थाही आहे. तुमच्यापैकी कुणी सहलीला गेलंच, तर पाण्यातल्या कुठल्याही जिवाला हात लावू नका. वाळलेला समुद्रघोडा कुणी विकायला आणला, तर घेऊ नका, वन विभागाला कळवा.

आता आमच्या गावाचं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. गावात काय उगवतं, कोणते पक्षी-प्राणी दिसतात, कोणतं बियाणं जपलेलं आहे, हे त्यात लिहायचं असतं. आम्ही ठरवलं, यात आमचीही माहिती गेली पाहिजे. निंदायला जाणाऱ्या आम्हीच. तरोटा पहिल्यांदा कुठं उगवला, केना कोणत्या धुऱ्यावर राहिला, सुगरणीची घरटी कोणत्या विहिरीवर आहेत, हे आम्हाला ठाऊक असतं.

म्हणून गटाच्या हिशेबाच्या वहीशेजारी दुसरी वही ठेवली. तीन रकाने आखले: काय दिसलं, कुठं, कोणत्या दिवशी. जिला लिहिता येत नाही ती सांगते, दुसरी लिहिते. पहिली नोंद काकूंची आहे. त्यांच्या वावरातल्या बाभळीवर सुगरणीची अकरा घरटी आहेत. त्यांनी ती दोनदा मोजली. वही भरत आली, की ती ग्रामपंचायतीत नेऊन समितीसमोर ठेवणार आहोत. तुमच्या गावात अशी नोंदवही आहे का, हे येत्या ग्रामसभेत तुम्हीही विचारा.